चिंगीला खाली कधी न्यायचं? पिल्लाच्या पहिल्या चार महिन्यांबद्दल

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशिकला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, घरात तुम्ही दोघं, सासूबाई आणि पाचवीतला मुलगा. गावाकडच्या शेतातून दोनेक महिन्यांचं गावठी पिल्लू आणलंय, मादी, नाव चिंगी. येऊन आठवडा झाला. डॉक्टर म्हणतात, लसीचे सगळे डोस होईपर्यंत दाराबाहेर काढू नका. शेजारचे काका म्हणतात, आत्तापासून बाहेर काढलं नाही तर कुत्रं भित्रं होतं, नाहीतर चावरं. सासूबाई दूध-पोळी भरवतात, शी पातळ होते, पिल्लू रात्रभर रडतं, मुलाच्या हातावर दातांचे ओरखडे आहेत. शेवटी तुम्ही विचारलंय, नेमकं कुणाचं ऐकायचं?

माझं उत्तर आहे, दोघांचंही, आणि ते कसं जमवायचं ते सांगतो. पण आधी मुलाचा हात, कारण ती गोष्ट उद्यावर टाकण्यासारखी नाही.

‘एवढ्याशा पिल्लाला कुठला आलाय रेबीज’ हे वाक्य मी जनावरांचा डॉक्टर म्हणून २२ वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा माझ्या पोटात गोळा आला आहे. पिल्लाला रेबीज होतो. चिंगीच्या आईला कधी लस मिळाली का, तिला किंवा पिल्लांना कुणी पिसाळलेला कुत्रा चावला का, हे तुम्हाला सांगता येत नाही. त्यामुळे दात लागून कातडी खरचटली असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काहीही भरायचं नाही. आणि त्याच दिवशी मुलाला माणसांच्या दवाखान्यात न्यायचं, रेबीजची लस सुरू करायला. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. कातडीत टोचायची असेल तर पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ या दिवशी. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही (तयार प्रतिकारशक्तीचं इंजेक्शन) द्यावं लागतं, तेव्हा ‘रक्त आलं होतं’ हे तिथं स्वतःहून सांगा. चावल्यापासून १० दिवस चिंगीवर नजर ठेवा. ती ठणठणीत राहिली तर पुढच्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, पण त्या १० दिवसांची वाट बघत सुरुवात लांबवायची नाही. ओरखडे आठवडाभर जुने असले तरी आजच्या आज जा. माणसात रेबीजची लक्षणं एकदा दिसली की कुठल्याच डॉक्टरांच्या हातात काही उरत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न.

पिल्लाला जन्मल्यावर पहिल्या दिवसात आईचा चीक मिळतो. गाईच्या चिकाचा आपण खरवस करतो. कुत्रीच्या चिकात तेच काम असतं, आईनं आयुष्यभरात कमावलेली प्रतिकारशक्ती पिल्लाला उसनी देण्याचं. ही उसनी शक्ती पिल्लाला सांभाळते, पण आपण टोचलेली लसही तीच निकामी करते. ती हळूहळू ओसरते, आणि कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. एकाची आठव्या आठवड्यात संपते, दुसऱ्याची बाराव्यात, एखाद्याची चौदाव्याच्याही पुढं. एकाच वेतातल्या दोन भावंडांतही फरक पडतो. म्हणून आपण दर ३-४ आठवड्यांनी डोस देतो. लोकांना वाटतं पहिल्यानं थोडी शक्ती येते, दुसऱ्यानं आणखी थोडी. तसं नसतं. उसनी शक्ती ज्या आठवड्यात संपेल त्यानंतरचा डोस खरा लागू पडतो, आणि तो आठवडा हुकू नये म्हणून आपण पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहतो.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ‘सेव्हन इन वन’ म्हणा किंवा ‘नाइन इन वन’ (बऱ्याच रोगांवरची एकत्र लस), शेवटचा डोस वयाच्या १६ आठवड्यांनंतर पडला पाहिजे. माझ्याकडे अशी कार्डं येतात ज्यावर तिन्ही स्टिकर अडीच महिन्यांतच लागलेले असतात आणि घरच्यांना ‘कोर्स पूर्ण’ सांगितलेलं असतं. त्यातली काही पिल्लं चौथ्या महिन्यात रक्ताची हगवण घेऊन टेबलावर येतात. चिंगीचं वय तुम्ही अंदाजे सांगताय, म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना दात बघून वय लिहायला सांगा आणि तिथून आठवडे मोजा. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, मग वर्षानं पुन्हा. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) दोन डोस पावसाळ्याआधी झालेले बरे. हा रोग उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होतो.

डॉक्टर एवढे घाबरतात ते रक्ताची हगवण लावणाऱ्या पार्वोला. १९७८ च्या सुमारास हा विषाणू जगभर पसरला, आणि त्याची खोड अशी की तो शरीराबाहेर महिनोन् महिने टिकतो, सावलीतल्या मातीत वर्षभरही. एक घर मला कायम आठवतं. त्यांनी ३५ दिवसांचं लॅब्रॉडोर आणलं होतं. खरं तर ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्राच्या नियमांनी बंदी आहे, पण विक्री चालूच असते. ते पिल्लू पार्वोनं गेलं. दोन-अडीच महिन्यांनी मुलं रडून रडून आजारी पडली म्हणून दुसरं आणलं. सहाव्या दिवशी ते पिल्लू माझ्याकडे, कडेवर मान टाकलेलं, आणि टेबलावर ठेवताच तो वास आला. पार्वोच्या हगवणीचा वास ज्यानं एकदा घेतला तो रिपोर्टची वाट बघत नाही. मी विचारलं, झोपतं कुठं? आजी म्हणाल्या, पहिल्याच्याच गोधडीवर, पण मी ती गरम पाण्यात धुतली होती, चार दिवस उन्हात घातली होती. त्यांनी खरंच धुतली होती. पार्वोला ते पुरत नाही, साधं फिनेलही पुरत नाही. लागतं ते ब्लीच: एक भाग लिक्विड ब्लीच, तीस भाग पाणी, आणि फरशी आधी स्वच्छ धुऊन मग हे पाणी दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. ते दुसरं पिल्लू पाच दिवस सलाईनवर राहून वाचलं. आजी रोज डब्यात पेज घेऊन यायच्या आणि ते खात नव्हतं तरी शेजारी बसायच्या.

तेव्हा डॉक्टर चुकीचं सांगत नाहीत. पण काकाही चुकीचं सांगत नाहीत.

पिल्लाच्या मेंदूत एक खिडकी असते. वयाच्या तिसऱ्या आठवड्याला ती उघडते आणि बाराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या आसपास बंद व्हायला लागते. या काळात जे दिसेल, ऐकू येईल, वासाला येईल ते पिल्लू ‘हे असंच असतं’ म्हणून मान्य करतं. त्यानंतर भेटलेली नवी गोष्ट आधी धोका वाटते. चार महिने बंद फ्लॅटमध्ये ठेवलेलं पिल्लू पाचव्या महिन्यात पहिल्यांदा रस्त्यावर आलं की रिक्षा, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, सगळंच त्याच्या अंगावर येतं. त्यातली काही कुत्री आयुष्यभर लिफ्टमध्ये थरथरतात, काही दारावर आलेल्या प्रत्येकावर धावून जातात. दोन-तीन वर्षांची अशी कुत्री लोक ‘आता सांभाळणं होत नाही’ म्हणून सोडायला काढतात. माझ्या मते त्यांचं नुकसान पार्वोपेक्षा कमी नाही.

अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनाच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २००८ मध्ये सांगितलं होतं की पहिल्या डोसाला किमान सात दिवस झाले की पिल्लाला इतर पिल्लांच्या वर्गात न्यायला हरकत नाही. मला ते तत्त्व पटतं, पण जसंच्या तसं उचलायला मी सांगत नाही. आपल्या गल्लीत लस न झालेली कुत्री, त्यांची पिल्लं, त्यांची विष्ठा हे सगळं पायाखाली असतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच सूत्र देतो: पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत, कान-डोळे-नाक मात्र उघडे ठेवायचे. रोग तिच्या पंजातून आणि चाटण्यातून येतो, शिकणं कान-डोळ्यांतून होतं. या दोन्ही गोष्टी वेगळ्या करता येतात.

म्हणजे असं करा. रोज पंधरा-वीस मिनिटं चिंगीला कडेवर घेऊन किंवा ओढणीच्या झोळीत घालून खाली जा. सोसायटीच्या फाटकाशी उभे राहा. घंटागाडीचं गाणं वाजत येऊ दे, शाळेच्या व्हॅनमधून पोरं उतरू देत, भाजीवाल्याची हाक, बुलेटची फटफट. प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा चिमटीत मावेल एवढा तुकडा तोंडाशी. तिनं कान मागं पाडले, शेपूट पोटाशी घेतली, तुकडा घेईना, तर ती जास्त जवळ आहे. चार पावलं मागं व्हा, तिथून बघू द्या. धीट व्हावी म्हणून मुद्दाम गर्दीत नेऊ नका. घरातही कुकरची शिट्टी, मिक्सर, भांडी पडण्याचा आवाज यांच्या वेळी तिला दुसऱ्या खोलीत बंद करू नका. ढोल-ताशा आणि फटाक्यांचं रेकॉर्डिंग मोबाइलवर अगदी हळू लावा, ती जेवत असताना, आणि आठवड्या-आठवड्यानं आवाज चढवा. या पिल्लाला पुढं पंधरा गणपती आणि पंधरा दिवाळ्या काढायच्या आहेत.

दाढीवाला माणूस, काठी घेतलेले आजोबा, नऊवारीतल्या आजी, छोटी बाळं अशी निरनिराळी माणसं घरी बोलवा. चपला-बूट दाराबाहेर, कारण विषाणू तळव्याला चिकटून वर येतो. ओळखीतलं एखादं मोठं, शांत, सगळ्या लसी झालेलं कुत्रं असेल तर त्याच्याशी घरात खेळू द्या. माणसानं शिकवता येत नाही असं बरंच ते शिकवतं. बाग, सोसायटीतलं ते झाड जिथं सगळी कुत्री तंगडी वर करतात, आणि आमच्या दवाखान्याची फरशी, या तीन जागी मात्र तिला खाली ठेवायचं नाही. दवाखान्यात तर नाहीच. तिथं मांडीवरच बसवा.

आता दूध-पोळी. सासूबाईंचा जीव त्यात आहे, आणि त्यांना दुखवू नका असंच मी सांगेन. पण गाई-म्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, पातळ शी त्यामुळेच होत असणार. त्यांना भरवायचं असेल तर चमचाभर ताजं दही द्यायला सांगा. पोळीनं पोट भरतं, हाडं भरत नाहीत. मागं एक चार महिन्यांचं जर्मन शेफर्ड आलं होतं, पुढचे दोन्ही पाय बाहेर वाकलेले, मनगटं जमिनीला टेकायला आलेली. खाणं काय, तर भात आणि बिनहाडाचं चिकन. घरच्यांनी हयगय केली नव्हती. ‘ड जीवनसत्त्व मिळावं’ म्हणून रोज सकाळी त्याला गच्चीवर उन्हात बसवत होते. पण माणसाच्या कातडीत उन्हानं जे बनतं ते कुत्र्याच्या कातडीत पुरेसं बनत नाही. त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. आणि मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नाममात्र, मग शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढून वापरतं. याउलट मोठ्या जातीच्या पिल्लांना मनानं कॅल्शियमच्या बाटल्या पाजून हाडं बिघडवल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून माझा कल स्पष्ट आहे: पहिलं वर्षभर मुख्य खाणं चांगल्या कंपनीचं पिल्लांसाठीचं तयार खाद्य, कोमट पाण्यात भिजवून. त्यावर घरचं अंडं, चिकन, लाल भोपळा थोडा थोडा. घरात मांसाहार होत नसेल तर हा मार्ग जास्तच सोयीचा. सध्या दिवसातून चार वेळा, तीन महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. खाणं बदलताना आठवडाभरात थोडं थोडं बदला.

प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे तिला अजिबात नकोत. द्राक्ष आणि बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि तुम्ही तर नाशिकच्या. घरात द्राक्षाचं खोकं जमिनीवर ठेवू नका. कांदा, लसूण, चॉकलेट हेही नाही. आपल्या आमटी-भाजीत कांदा-लसूण असतोच, तेव्हा उरलेलं कालवण तिच्या ताटलीत नको. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल किंवा आपल्या दुखण्याच्या गोळ्या तर कधीच देऊ नका.

जंतांचं औषध झालं का ते तुम्ही लिहिलं नाही. पिल्लं आईच्या पोटातूनच जंत घेऊन येतात. टम्म फुगलेलं पोट बघून लोक ‘बाळसं धरलंय’ म्हणतात, ते बऱ्याचदा जंत असतात. आता एक डोस, पंधरा दिवसांनी दुसरा, मग सहा महिन्यांची होईपर्यंत दर महिन्याला, वजन करून. हे जंत मुलांनाही त्रास देतात, म्हणून तिच्याशी खेळून झाल्यावर मुलानं हात धुवायचेच. गोचीड दिसली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. घासलेट, कापूर, तंबाखूचं पाणी हे गावाकडचे उपाय पिल्लाच्या कातडीतून आणि चाटण्यातून पोटात जातात. गोचिडाचं औषध डॉक्टरांकडून, वय आणि वजन सांगूनच घ्या.

रात्रीचं रडणं. आठ दिवसांपूर्वीपर्यंत ती पाच-सहा भावंडांच्या ढिगात झोपत होती. आता ती बाल्कनीत एकटी आहे, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय. तिला आत घ्या. बाजूनं उंच अशा खोक्यात जुनी गोधडी घालून खोकं तुमच्या पलंगाला लावून ठेवा, इतकं जवळ की झोपल्या झोपल्या हात आत सोडता येईल. रडली की हात आत, बोलायचं नाही, दिवा लावायचा नाही. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा. रात्री एकदा, दोनच्या सुमारास, उठून शू करवा. बहुतेक पिल्लं आठवड्याभरात शांत होतात. ‘रडू दे, सवय होईल’ हा सल्ला मी या वयात देत नाही. सवय होत नाही, पिल्लू थकून गप्प होतं.

शू-शीसाठी बाल्कनीच्या एका कोपऱ्यात गोणपाट अंथरा. शेतातून आलेलं पिल्लू आहे, पायाला खरखरीत लागलं की त्याला जागा कळते. गुळगुळीत फरशीपेक्षा गोणपाट लवकर पटतं. झोपून उठली, जेवली, खेळून दमली की तिला तिथं नेऊन उभी करा आणि गप्प उभे राहा. झालं की लगेच, तिथल्या तिथं, खाऊ. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरू शकत नाही, त्यामुळे घरात एखाद-दुसरं तळं होणारच. नाक घासू नका, ओरडू नका. त्यातून ती एवढंच शिकते की तुमच्यासमोर शू करायची नाही, मग सोफ्यामागं जाते.

चावण्याचं मुलाला समजावून सांगा. ती चावते कारण भावंडांशी असंच खेळायचं असतं, आणि चार महिन्यांनंतर तिचे २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के येईपर्यंत हिरड्या सळसळत राहणार. दात लागले की हात झटकायचा नाही, पळायचं नाही. झाडासारखं स्थिर उभं राहायचं, हात काखेत, तोंड फिरवून. मग तिच्या तोंडात गाठ मारून भिजवून फ्रीजरमध्ये गार केलेलं फडकं द्यायचं. जुनी चप्पल खेळायला देऊ नका, तिला जुनी आणि नवी कळत नाही. आणि संध्याकाळी ती वेड्यासारखी धावत चावत सुटली तर तिला खेळ नको असतो, झोप हवी असते. या वयात दिवसाचे १८ ते २० तास झोप लागते. मुलं घरी असली की ती मिळत नाही. तिच्या खोक्यात ती झोपली असताना तिला कुणी हात लावायचा नाही, हा नियम मुलाकडून कागदावर लिहून घ्या आणि खोक्याला चिकटवा.

एक जेवण सोडलं तर थोडी वाट बघा. पण दोनदा उलटी आणि वर खाणं बंद, हगवणीत रक्त, हिरड्या पांढुरक्या, किंवा पिल्लू हाक मारल्यावर मानही उचलत नाही, यातलं काहीही असलं तर सकाळची वाट बघू नका. हिरडी रोज उघडून बघायची सवय ठेवा: गुलाबी हवी, बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. नाक कोरडं म्हणजे ताप, हे खरं नाही. थर्मामीटरवर १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे तिचं नेहमीचं तापमान आहे, आपल्यापेक्षा जास्त.

सोळा आठवड्यांनंतरच्या डोसाला दोन आठवडे झाले की तिला खाली सोडा. दुपारी नको, सकाळी सहा-साडेसहाला, रस्ता शांत असताना, हलक्या पट्ट्यावर. बरीच पिल्लं पहिल्यांदा पायाला माती लागली की जागच्या जागी थबकतात, काही खाली बसतात. पट्टा ओढू नका, उचलूही नका. तुम्हीही तिथंच उकिडव्या बसा. घंटागाडी तिला माहीत आहे, बुलेट माहीत आहे, फाटकावरचे वॉचमन काका माहीत आहेत. नवी आहे ती फक्त जमीन. ती नाक खाली नेईल, दोन मिनिटं वास घेईल, आणि मग स्वतःच पाऊल उचलेल.